एक ट्यूब, अख्खं घर

रांजणगावला माझी मावसबहीण राहते. महागणपतीचं दर्शन घ्यायचं आणि परतताना तिच्याकडे चहा प्यायचा, हा आमचा ठरलेला नेम. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, सासूबाई घरी असतात, मोठी मुलगी चौथीत आणि धाकटा पहिलीत. तुमच्या-माझ्यासारखंच चारचौघांचं घर. गेल्या पावसाळ्यात गेले, तर स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, एक मलमाची ट्यूब दिसली. मागून गुंडाळत गुंडाळत अगदी टोपणापर्यंत आणलेली. टूथपेस्टचा शेवटचा थेंब काढावा तशी.

"ही कुणाची गं?" मी विचारलं.

"कुणाची म्हणजे? सगळ्यांचीच!" ती हसत म्हणाली. आणि खरंच, ती ट्यूब सगळ्यांची होती. सासूबाईंच्या भेगाळलेल्या टाचेला तीच. नवऱ्याच्या जांघेतल्या नायट्याला तीच. सेफ्टी शूज आठ-आठ तास पायात, घाम मरत नाही, मग होणारच. भांडी घासून घासून हिच्या बोटाला नखुरडं झालं होतं, त्यालाही तीच. आणि धाकट्याच्या नाकाखाली, हनुवटीवर आलेल्या पिवळट खपलीच्या फोडांनाही तीच. मेडिकलवाल्या दादांनी दोन महिन्यांपूर्वी दिलेली. चिठ्ठी? ती कुणी विचारली नाही आणि कुणी दाखवली नाही.

मैत्रिणींनो, हसू नका. आपल्यापैकी किती जणींच्या फ्रीजच्या दारात, टीव्हीच्या कपाटात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात अशी एक ट्यूब आत्ता पडलेली आहे, जरा उठून बघा. मग पुढचं वाचा.

या गोष्टीचा उरलेला भाग सांगते. मुलाचे फोड एका जागी सुकायचे आणि दुसरीकडे उठायचे. "मलम लावतेय की रोज," म्हणून ती निर्धास्त होती. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी पोरगं उठलं ते डोळे सुजलेले, तोंड फुगलेलं. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. घरच्यांची पाचावर धारण बसली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, याच्या अंगावर मध्यंतरी फोड आले होते का?" तेव्हा कुठे तिला कळलं की, त्वचेवरच्या एका विशिष्ट जंतूच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. स्ट्रेप्टोकोकस हे त्या जंतूचं नाव. काही दिवस दवाखान्यात काढून मुलगा बरा झाला, आज शाळेत पळतोय. असं प्रत्येक फोडानंतर होत नाही, आणि वेळेवर लक्ष गेलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, हेही सांगायला हवं.

ते मलमामुळे झालं का? नाही. पण मलम लावतोय या समाधानात मधले दिवस निघून गेले. आजच्या लेखात सांगायचं आहे ते हेच. घरातली ती ट्यूब हळदीसारखी किंवा खोबरेल तेलासारखी घरगुती वस्तू नाही. ते औषध आहे. ते एका माणसाचं, एका दुखण्याचं आणि ठरलेल्या दिवसांचं असतं. अख्ख्या घराचं झालं की ते औषध राहत नाही, आपल्याला फसवणारी एक सवय होऊन बसतं.

आपली पहिली चूक होते ती ओळखण्यात. अंगावर काही उठलं की आपल्याला ते सगळं सारखंच दिसतं. पण त्यामागचे चोर वेगवेगळे असतात. मधाच्या रंगाची खपली धरणारे लहान मुलांचे फोड, केसतूड, गळू, नखुरडं ही बहुतेक वेळा जीवाणूंची कामं. नायटा किंवा गजकर्ण, म्हणजे गोल, कडेने उठलेला, मधे साधारण साफ दिसणारा चट्टा, ही बुरशी. पावसाळ्यात शेतात, पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्यांतही पुष्कळदा बुरशीच असते. खरूज होते ती डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या किड्यामुळे. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती खाज येते आणि रात्री अंथरुणात ती जास्त छळते. इसब म्हणजे त्वचेचाच तापट स्वभाव, तिथे पुष्कळदा जंतूंचा मूळ दोषच नसतो. आणि छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्यात आग करणारे फोड आले, तर ती नागीण, म्हणजे विषाणू.

आता सांगा, या सगळ्यांवर एकच ट्यूब कशी चालेल? जीवाणू मारणारं अँटिबायोटिक मलम बुरशीचं काही वाकडं करत नाही. खरजेच्या किड्यालाही त्याचं काही वाटत नाही. तिथे तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी, खाज असो-नसो, वेगळं औषध लावावं लागतं. नाहीतर हा बरा होतो तोवर ती खाजवत बसते.

मग अँटिबायोटिक मलम वाईट का? मुळीच नाही. योग्य जागी ते फार कामाचं आहे. लहान मुलाच्या चेहऱ्यावर थोड्याशा जागेत खपलीचे फोड आले असतील, ताप नसेल, तर डॉक्टर बहुधा म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडसारखं मलमच देतात. पोटात घ्यायच्या गोळ्या-औषधांची गरजही पडत नाही. पण ते लावायचं कसं, हे आपण कधी विचारत नाही. आधी आपले हात साबणाने धुवायचे. फोडावरची खपली कोमट पाण्याने आणि साबणाने भिजवून हलकेच काढायची, कारण खपलीच्या वर थापलेलं मलम खाली पोचतच नाही. मग पातळ थर लावायचा. दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील तेवढंच. साधारणपणे हा हिशोब पाच-सात दिवसांचा असतो, महिन्यांचा नसतो. आणि त्या मुलाचा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा. नखं कापलेली. दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही किंवा नवे फोड उठायला लागले, की ट्यूब बदलायची नाही. परत डॉक्टरांकडे जायचं.

गळवाची गोष्ट निराळी. आत पू साठला असेल तर वरून कितीही मलम चोळा, ते आत जात नाही. तिथे पू बाहेर काढावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच. नाकावरचं किंवा वरच्या ओठावरचं केसतूड तर मुळीच पिळू नका. तिथला संसर्ग आत पसरण्याचा धोका असतो.

आणि साधं खरचटलं, चाकू लागला, उसाच्या पाचटानं हात कापला तर? शिरूर-दौंडकडच्या बायांना हे रोजचंच. वाहत्या पाण्यानं आणि साबणानं जखम नीट धुतली, स्वच्छ फडकं बांधलं, तर छोट्या स्वच्छ जखमेला एवढं पुरतं. प्रत्येक ओरखड्याला अँटिबायोटिक लागत नाही. उलट निओमायसिन आणि त्याच्या घरातलंच फ्रामायसेटिन यांची काही जणांना ॲलर्जी असते. जखमेभोवती लाली येते, खाज सुटते, पाणी सुटतं. आपल्याला वाटतं जखम चिघळली, म्हणून आपण आणखी मलम लावतो. आगीत तेल! अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेनं २०१० साली निओमायसिनला 'वर्षातला ॲलर्जी करणारा पदार्थ' म्हणून जाहीर केलं होतं, ते याच कारणानं.

आता त्या फळीवरच्या ट्यूबकडे परत येऊ. मी ती हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. ते नुसतं अँटिबायोटिक नव्हतंच. त्यात बुरशीचं औषध होतं, जीवाणूंचं होतं आणि तिसरं होतं स्टेरॉइड. 'थ्री-इन-वन'. आपल्याकडे दुकानात "खाजेचं मलम द्या" म्हटलं की पुष्कळदा हेच हातात पडतं. याचा गुण असा की, लावल्या लावल्या खाज थांबते, लाली जाते. आपण खूश. पण स्टेरॉइड काय करतं? शरीर जंतूशी भांडत असतं त्याची लाली आणि खाज असते. स्टेरॉइड ते भांडणच दाबून टाकतं. वरून शांत, आणि आत बुरशीला मोकळं रान. मलम थांबवलं की नायटा दुप्पट होऊन परत येतो, तोही वेड्यावाकड्या आकाराचा, म्हणजे डॉक्टरांनाही चटकन ओळखू येऊ नये असा. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेतली, काखेतली कातडी पातळ होते, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे पट्टे उठतात आणि ते जात नाहीत. काही मुली हेच मलम गोरं दिसायला तोंडाला लावतात. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग तोंड लाल होतं, पुटकुळ्या येतात, उन्हात आग होते आणि मलम सोडवत नाही. हे एक व्यसनच.

हा आमचा उगाच आरडाओरडा नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा प्रकारच्या स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ त्यासाठी कित्येक वर्षं ओरडत होते. कारण नायट्याची जणू साथच पसरली होती आणि नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देईनाशी झाली होती. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी अशा हट्टी नायट्याच्या एका बुरशीला वेगळं नाव दिलं, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. ती त्यांना भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांत सापडली होती. २०२३ मध्ये हीच बुरशी न्यूयॉर्कमध्ये आढळल्याचं अमेरिकेच्या आरोग्य खात्याला जाहीर करावं लागलं. नायट्याच्या नावात आपल्या देशाचं नाव यावं, यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे?

औषध दाद देईनासं का होतं, हे समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या भाषणात एक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, पण अपुरं. जंतू मरत नाहीत, फक्त औषधाशी लढायला शिकतात. मग त्याच्यापासून ते त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन देतात, पण आता ते लागू पडत नाही आणि ती जाते. अर्धवट औषध घेतलं नवऱ्यानं, जीव गेला बायकोचा! गोष्ट काल्पनिक होती, पण पेनिसिलिन नवं नवं असतानाच त्या माणसानं पुढचं सगळं बघितलं होतं. आणि बघा, गोष्टीत मरणारी बाई होती. घरातल्या प्रत्येकाची उष्टी-खरकटी, ओले टॉवेल, घामट कपडे जिच्या हातून जातात, तिच्याकडेच ते जंतू शेवटी येतात ना?

मलमाच्या बाबतीत तर हे एका देशानं प्रत्यक्ष भोगलं. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून २००० पर्यंत म्युपिरोसिनचं मलम चिठ्ठीशिवाय मिळत होतं. घरोघरी ते गेलं, आणि त्याला न जुमानणारे जंतू वाढले. मग त्यावर बंधन आलं, तर लोक आणि डॉक्टर फ्युसिडिक ॲसिडकडे वळले. काही वर्षांत त्यालाही न जुमानणारे जंतू वाढले. एक दार बंद केलं तर जंतू दुसऱ्यानं आत आले. मोठ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकातले जंतू घालवायला हेच म्युपिरोसिन वापरतात. ते आपण खरचटलेल्या गुडघ्यावर उधळून संपवलं, तर त्या वेळी डॉक्टरांच्या हातात काय उरेल?

आपल्या पुणे जिल्ह्याला तर या औषधांची किंमत जास्त कळायला हवी. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पेनिसिलिन परदेशातून यायचं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. तिथल्याच संशोधकांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधून काढलं. त्या जीवाच्या शास्त्रीय नावातसुद्धा पिंपरी आहे. जे औषध मिळावं म्हणून त्या पिढीनं एवढी धडपड केली, ते आपण फळीवर ठेवून टाचेच्या भेगांत भरतोय!

आता थोडं आपल्याशीच बोलू. ही ट्यूब आपल्या घरात येते तरी का? आळस म्हणून? नाही. बाईला दवाखान्यात जायला वेळ नसतो, सोबत नसते आणि सगळ्यात मोठी म्हणजे लाज असते. परकराच्या नाडीखाली, छातीखाली, जांघेत खाज असली तर ती कुणाला दाखवायची? मग नवऱ्याच्या हाती निरोप, "येताना एक ट्यूब आणा." कशासाठी, हे तो दुकानात सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. दुखणं अंगावर काढणं हा शब्द मराठीत बहुधा आपल्यासाठीच तयार झाला असावा. आणि त्वचेचं दुखणं तर अक्षरशः अंगावरच असतं! मुलाला शिंक आली तर दवाखाना गाठणारी आई, स्वतःचा नायटा वर्ष-वर्ष साडीखाली झाकते. मग तोच मुलांना लागतो, परत तिला लागतो.

म्हणून आमचं म्हणणं नुसतं बायकांना नाही. औषधविक्रेत्यांनी २०१८ चा नियम कागदावर ठेवू नये. स्टेरॉइडचं मलम चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि बाई दुकानात आली तर तिला चार शब्द समजावून सांगावेत. गावागावांतले मेडिकलवाले लोकांच्या विश्वासातले असतात, तो विश्वास मोठा आहे. कारखान्यांनी बारा महिने बंद बूट घालणाऱ्या कामगारांना, त्यात आता मुलीही आहेत, पाय कोरडे ठेवण्याची आणि मोजे बदलण्याची सोय करून द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाईला पडद्याआड, शक्यतो बाईनेच तपासावं, एवढं तरी व्हावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैशाची अडचण तिथे तरी नाही. अडचण उरते ती उंबरठ्याची. ती ओलांडायला आशाताईंना सोबत घ्या. त्या तुमच्याच गल्लीतल्या असतात, त्यांच्यापुढे लाजायचं काही कारण नाही.

आणि आपण स्वतः काय करायचं? फार नाही. येत्या रविवारी ती फळी, तो कोनाडा आवरायला घ्या. तारीख उलटलेल्या, नाव पुसलेल्या, कुणासाठी आणल्या ते आठवत नाही अशा सगळ्या ट्यूबा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. जी चालू आहे तिच्यावर पेनानं माणसाचं नाव आणि सुरू केल्याची तारीख लिहा. बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं दिसली की ते स्टेरॉइड आहे, हे ओळखा. कित्येक महिने लावत असाल तर एकदम स्वतःच्या मनानं बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. एकाला दिलेलं मलम दुसऱ्याला लावू नका, शेजारणीलाही देऊ नका. तिथे मन मोठं करायचं नसतं.

काही वेळी तर ट्यूबला हातच लावायचा नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, मलम-हळद-चटणी काही न लावता लगेच दवाखाना गाठायचा आणि लस घ्यायची. खिळा रुतला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही आणि शाईही नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या पायाला छोटी जखम झाली, तरी ती त्याच दिवशी दाखवायची, कारण त्यांना दुखणंच कळत नाही. फोडाबरोबर ताप आला, लाली पसरत चालली, लाल रेघ वर चढायला लागली, किंवा मुलाचं तोंड सुजलं, लघवीचा रंग बदलला, तर रात्र काढू नका.

परवा संकष्टीला परत रांजणगावला जाणं झालं. फळीवर चहा-साखरेचे डबे होते, ट्यूब नव्हती. विचारलं तर बहीण म्हणाली, "ताई, टाकून दिली गं. ह्यांनाही दाखवून आणलं, मलाही. दोघांनाही महिनाभर वेगळं औषध दिलंय. आणि सासूबाईंच्या टाचेला साधं व्हॅसलिन लावतो रात्री." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मला वाटलं होतं डॉक्टरीणबाई हसतील. त्या तर म्हणाल्या, आज तुमच्यासारख्या पाच जणी आल्या होत्या."

पाच जणी. म्हणजे आपण एकट्या नसतोच. फक्त प्रत्येकीला वाटतं, ही खाज जगात आपल्या एकटीलाच आहे.